एकशेवीस ओहम

तिसऱ्यांदा आली ती चंदेरी गाडी.
गुरामनं किल्ली टेबलावर फेकली नाही, ठेवली.
फेकली असती तर बरं वाटलं असतं.

"तुम्ही पुसून देता, आठ दिवस गुण येतो," तो म्हणाला,
"नवव्या दिवशी क्वेशेतीच्या चढावर
पुन्हा सगळे दिवे लागतात, लग्नघरासारखे.
ब्रेकचा, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा.
मागं पाहुणे बसलेले. ते विचारतात, उतरू का?"

मी स्कॅनर लावला. तोच कोड.
ब्रेकच्या मेंदूशी बोलणं तुटलंय.
कोण बोलत नाही ते यंत्र सांगतं.
का बोलत नाही, ते त्याला कुणी शिकवलेलं नाही.

पहिल्या खेपेला आम्ही बॅटरी बदलली होती.
दुसऱ्या खेपेला तो मेंदूच, रुस्तावीच्या भंगारबाजारातून,
घासाघीस करून.
आजार हल्याला, डाग पखालीला.
ते पैसे नुक्रीनं वहीत स्वतःच्या नावावर लिहिले
आणि पान उलटलं.

आज तो म्हणाला, "बंद कर तो पडदा. मीटर आण."

बॅटरी सोडली. गाडी गप्प होईपर्यंत
आम्ही घेवड्याची भाकर खाल्ली, उभ्यानंच.
शटरखालून पोलाद कारखान्याकडचा वारा येत होता,
नटबोल्टांच्या डब्यांत शिरून शिट्ट्या घालत.

मग सॉकेटातल्या सहाव्या आणि चौदाव्या पिनेवर
मीटरच्या दोन सुया.
साठ.
"साठच हवेत," मी म्हणालो. "सगळं ठीक आहे."
"हात घाल," नुक्री म्हणाला. "हलव. हळू.
झोपलेल्या पोराची कूस बदलतोस तसं."

मी डॅशबोर्डखाली आडवा. एकेक जुडगा हलवत गेलो.
साठ. साठ. साठ.
ड्रायव्हरच्या पायाखालच्या गालिच्याशी मनगट लागलं
आणि वरून त्याचा आवाज आला: एकशेवीस.

मला तेव्हा हिशेब उलटा वाटायचा.
तार तुटली तर आकडा कमी व्हावा ना?
नुक्रीनं खडू घेतला, फरशीवर दोन टोकं काढली.
"हे एकशेवीस. ते एकशेवीस.
दोघं मिळून ओढतात, म्हणून साठ.
एक निसटलं की उरलेल्यावर दुप्पट.
तो उरलेला बिघडलेला नसतो, बिचो. एकटा असतो."

एवढं बोलून त्यानं खडू खिशात टाकला
आणि घड्याळाकडे पाहिलं. अजून नऊ वाजले नव्हते.
नऊला बारीहून मझियाचा फोन येतो,
तिथल्या म्हाताऱ्याला झोपवून झालं की.
अकरा वर्षं.
मी गालिचा उचलायला लागलो.

खाली चिखल होता. आपला नव्हे:
बारीक, राखाडी, कुठल्या तरी दूरच्या नदीचा.
कागदांवर लिहिलं होतं, लुइझियाना, पुढून किरकोळ धडक.
पाण्याचा शब्द नव्हता.
जहाजानं पोतीला उतरेपर्यंत तिला कुणीतरी
धुऊन, पुसून, अत्तर मारून उभी केली होती.
पण जोड कळकला होता,
कल्हई उडालेल्या कढईसारखा, हिरवागार,
आणि एका पिनेची नुसती पूड उरली होती.

म्हणजे नवव्या दिवशी नाही,
चढावर नाही,
जिथं जिथं गुराम पाय घट्ट रोवायचा
तिथं तिथं तो हिरवा धागा सुटायचा.

नुक्रीनं कापला, चांगलं तांबं लागेपर्यंत मागं गेला.
डाग दिला. दोन्ही तारांना
होता तसा पीळ घातला, एकमेकींभोवती.
मी स्कॅनर उचलला, पुसायला.
"राहू दे. आधी चालवून आण."

नऊला फोन वाजला. तो दारात जाऊन बोलला,
आमच्याकडे पाठ करून.
जेवलीस का, एवढंच ऐकू आलं. दोनदा.

नवव्या दिवशी गुरामचा फोन आला नाही.
दहाव्या दिवशी नाही.
अकराव्या दिवशी आला:
मागची काच खाली जाते, वर येत नाही.
"डावी की उजवी?" नुक्रीनं विचारलं,
आणि उत्तर यायच्या आधीच
मी मीटर शोधायला लागलो होतो.